जिवाणूंचा जाहीर सत्कार

बाळांनो, एका जंगलात एक माळ होता आणि त्या माळावर गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती. पूर्वी उगवायची. पूर्वी तिथे कोनफळाचे वेल होते, पोहे भिजावेत तशी मऊ माती होती आणि त्या मातीत सायाळबाईचं बीळ होतं. सायाळ म्हणजे साळिंदर. हो, तीच काटेवाली. नाही, ती काटे फेकून मारत नाही. ते तुम्हाला कोणीतरी उगाच सांगितलंय. आता मध्ये बोलू नका.

या माळाच्या वरच्या अंगाला सिंहमहाराजांची तेलाची टाकी होती. महाराजांच्या गुहेत दिवे लागायचे, पंखे फिरायचे आणि गर्जना लांबवर पोचावी म्हणून एक मोठा भोंगाही होता. एवढ्या सगळ्याला वीज लागायची आणि विजेच्या यंत्राला तेल लागायचं. टाकीवर अधिकारी होते तरसराव. टाकी गळायला लागली तेव्हा तरसराव तिच्याच सावलीत झोपले होते. जागे झाले तोवर अर्धी टाकी माळात उतरली होती.

"टाकी गळलेली नाही," तरसरावांनी दरबारात सांगितलं. "त्या माळाची प्रकृतीच मुळात तेलकट आहे."

दरबारात माळाची प्रकृती कोणाला ठाऊक असणार? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

सायाळबाईचा विषय मात्र तिथेच सुरू झाला. बिळात तेल झिरपलं. कोनफळं काळी पडली. तिची दोन पिल्लं तीच कोनफळं खाऊन ओकायला लागली. शेवटी तिनं दोघांना पाठीशी घेतलं आणि नदीपलीकडे धाकट्या बहिणीकडे नेऊन ठेवलं.

"अगं ताई, तुझी पोरं ती माझीच पोरं," बहीण म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. पण बीळ पडलं लहान. एके दिवशी सायाळबाई पिल्लांना भेटायला गेली तेव्हा बहिणीनं तिला बाजूला घेतलं.

"ताई, राग मानू नकोस हं. मला दिवस गेलेत. थंडी पडायच्या आत माझी बाळं येतील. मग या बिळात कोणाला पाय पसरायलाही जागा उरायची नाही. त्याआधी तुझी पोरं घेऊन जा."

सायाळबाईनं राग मानला नाही. मानण्यासारखं काही नव्हतंच. ती परत येताना नदीकाठी बसून पोटभर रडली. पोरं घेऊन जायची, पण कुठे? जंगलात बाकी जागा होती, नाही असं नाही. पण प्रत्येक जागेवर कोणीतरी बसलेलं होतं आणि बसलेलं जनावर उठत नाही, हे तुम्हाला वर्गातल्या बाकावरून माहीत असेलच.

ती तडक तरसरावांकडे गेली.

"अहो तरसराव, माझा माळ साफ करून द्या."

"एवढंच ना? उद्या माणसं पाठवतो."

माणसं म्हणजे माकडं. त्यांनी माळावर लाल मातीचा थर टाकला, वर एक पाटी रोवली आणि पाटीला हिरवा रंग दिला. दुपारचं ऊन तापलं तसं तेल त्या लाल मातीतून वर आलं. पाटी तेवढी हिरवी राहिली.

मग कोणीतरी तिला टिटवेसरांचं नाव सांगितलं. टिटवेसर म्हणजे टिटवा. उंच पाय, पिवळा चष्मा लावल्यासारखे डोळे आणि बोलणं सगळं वरच्या पट्टीत. ते परमुलखात शिकून आले होते. जंगलात त्यांच्याकडे फारसं कोणी जायचं नाही, कारण टिटवी ओरडली की अपशकुन होतो असं सगळे मानायचे आणि सरांना ओरडल्याशिवाय बोलता येत नसे.

सर आले. चोच मातीत खुपसली, बाहेर काढली, तोंड वाकडं केलं.

"होईल! होईल! होईल!" सर ओरडले. आसपासच्या दोन-चार बिळांची दारं लागली.

"कोण करणार?" सायाळबाईनं विचारलं.

"जिवाणू! तुमच्याच मातीत आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांना हे तेल आवडतं. पंगतीला बसल्यासारखे खातात. पण काय होतं, पंगत एकीकडे आणि वाढपी दुसरीकडे. तेल चिकटलंय मातीच्या कणाकणाला आणि हे बसलेत आपापल्या जागी उपाशी. म्हणून आपण मातीत दोन्ही टोकांना लोखंडी कांबी रोवायच्या आणि त्यांतून वीज सोडायची. अगदी हलकी. त्या विजेनं मातीतली ओल सरकते, ओलीबरोबर खत सरकतं, जिवाणूही सरकतात. ज्याचं त्याला मिळतं."

"आणि मग?"

"मग ते खातात. आपण थांबायचं."

सायाळबाईला हे पटायला वेळ लागला नाही. दोन पोरांची आई होती ती. खाणाऱ्याच्या पुढ्यात ताट सरकवायचं आणि थांबायचं, यात तिला नवीन काही वाटलं नाही.

कांबी रोवल्या गेल्या. टाकीजवळच्या खांबावरून तार ओढली. सरांनी सायाळबाईला कामं नेमून दिली. माती ओली ठेवायची. थोडं थोडं शेणखत द्यायचं. आणि रोज सकाळी एक लाकडी दांडा इकडचा तिकडे फिरवायचा, म्हणजे विजेची दिशा उलटते. नाहीतर एका कांबीजवळची माती आंबट होते आणि आंबट मातीत जिवाणूंचं तोंड उतरतं.

"आणि एक लक्षात ठेवा," सर जाता जाता म्हणाले. "मला विचारल्याशिवाय या मातीत काहीही घालायचं नाही. काहीही!"

"नाही हो घालणार," सायाळबाई म्हणाली.

पहिल्या दिवशी अख्खं जंगल बघायला लोटलं. बघायला काय होतं? काही नव्हतं. कांबी उभ्या होत्या, माळ आडवा होता.

"कुठे आहेत ते?" एका सांबरानं विचारलं.

"मातीत आहेत. दिसत नाहीत."

"दिसत नाहीत, मग हजेरी कशी घेता?"

तरसरावही आले होते. ते फिस्सकन हसले. "न दिसणारे कर्मचारी आमच्या खात्यातही आहेत. पण काम करतात असं आम्ही कधी म्हटलं नाही."

सगळे हसले आणि घरी गेले. पुन्हा कोणी फिरकलं नाही. आणि खरं सांगू का बाळांनो, माळाच्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते.

सायाळबाई सकाळी उठायची, दांडा फिरवायची, पाणी शिंपडायची आणि मग नाक मातीला लावून माळभर हिंडायची. आधी तो उग्र वास डोक्यात जायचा. मग तो नुसता नाकात जायला लागला. मग एका सकाळी तिला वाटलं, आज नाक बंद आहे की काय? नाक उघडं होतं. वासच कमी झाला होता. पुढे कांबीजवळ लव्हाळ्याची पाती दिसली आणि त्यानंतर एका ठिकाणी, मातीला भेग पाडून, कोनफळाचा कोंब वर आला. तांबूस, वाकडा, एवढासा.

सायाळबाईचे सगळे काटे आनंदानं खुळखुळले. तिनं त्या कोंबाभोवती चार खडे मांडले आणि नदीपलीकडे निरोप धाडला: आणखी थोडी कळ काढ बाई, पोरांना न्यायला येते.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. पण चांगली बातमी कुठे गप्प बसते? ती दरबारात गेली.

"आमच्या राज्यात जिवाणू माळ साफ करतात?" महाराज म्हणाले. "आणि आम्ही त्यांचा साधा सत्कारही केला नाही? काय म्हणेल जग?"

तरसराव लगेच पुढे आले. "महाराज, आपण स्वतः चलावं. सगळी तयारी मी करतो. हा प्रकल्प पहिल्यापासून माझ्याच देखरेखीखाली आहे."

तयारीचं पहिलं काम म्हणजे टिटवेसरांना बाहेरगावी पाठवणं. "शुभकार्यात टिटवीचा आवाज नको," तरसराव सगळ्यांना समजावत होते. "सरांबद्दल आदर आहेच. पण महाराज पाऊल टाकणार आणि हे ओरडणार, बरं दिसतं का ते?" मग सरांना डोंगरापलीकडच्या पाणथळीत बोलावलंय असा खोटा निरोप गेला आणि सर बिचारे पंख झाडत निघालेही.

सत्काराच्या आदल्या दिवशी माकडं माळावर आली. डोक्यावर बादल्या. बादल्यांत पांढरं पाणी.

"हे काय?" सायाळबाईनं विचारलं.

"फिनाईल," तरसराव म्हणाले. "उद्या महाराज इथे पाय ठेवणार. आणि हे तुमचे जिवाणू म्हणजे शेवटी जंतूच ना? महाराजांच्या पायाला लागले म्हणजे?"

"पण सर म्हणाले होते, विचारल्याशिवाय मातीत काही घालायचं नाही."

"मग विचारा की. आहेत का सर?"

सर कुठे होते? सायाळबाई घुटमळली. माळाकडे बघायला लागली. आणि तरसरावांनी तिची नजर बरोबर ओळखली.

"सायाळबाई, उद्या महाराजांना ओवाळायचा मान तुमचा आहे. महाराज तुमच्या दारात येतील, नाकाला पंजा लावतील आणि म्हणतील, काय हो हा वास. चालेल तुम्हाला?"

झालं! बाई तिथे विरघळली. पाहुणा दारात येणार आणि अंगण पुसलेलं नाही, हे तिच्या आईनं कधी खपवून घेतलं नसतं. आणि तिनं स्वतःशी हिशेबही लावला. सर म्हणाले होते काही घालायचं नाही. पण फिनाईल म्हणजे घालणं थोडंच? ते तर पुसणं. घाण काढायला कोण नको म्हणेल?

हसू नका बाळांनो. तुमच्या घरी पाहुणे येणार असले की तुमची आई काय काय पुसते ते आठवा.

"द्या इकडे," सायाळबाई म्हणाली, आणि तिनं एक बादली स्वतःच उचलली. कोंबाभोवती तर तिनं जरा जास्तच शिंपडलं, कारण महाराज तिथे नक्की थांबणार होते. मग माकडांनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. माळ कसा लख्ख दिसायला लागला!

दुसऱ्या दिवशी माळावर आणून ठेवलेला भोंगा वाजला, महाराज आले. सायाळबाईनं ओवाळलं.

"कुठे आहेत सत्कारमूर्ती?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, आपण त्यांच्यावरच उभे आहात," तरसराव म्हणाले.

महाराज दचकले. त्यांनी आदरानं एक पाय उचलला. मग दुसरा कसा उचलायचा ते कळेना, म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि शेवटी पहिला खाली ठेवला. सभेनं टाळ्या वाजवल्या.

पण हार घालायचा कोणाच्या गळ्यात? बरीच कुजबुज झाली. मग महाराजांनी तो झेंडूचा ओला हार एका कांबीला घातला. कांबीतून हलकी वीज चाललेली होती. महाराजांचा पंजा चांगलाच झिणझिणला.

"अहाहा!" महाराज भोंग्यातून म्हणाले. "त्यांनी आमच्याशी हस्तांदोलन केलं!"

पुन्हा टाळ्या. जिवाणूंच्या वतीनं शाल आणि श्रीफळ तरसरावांनी स्वीकारलं. वर त्यांना 'माळरत्न' असा किताब मिळाला. आणि भोंग्यातून साऱ्या जंगलाला, नदीपलीकडेसुद्धा, ऐकू जाईल अशी घोषणा झाली की माळ स्वच्छ झाला आहे, निर्मळ झाला आहे, रहिवाशांनी खुशाल परतावं.

जिवाणूंनी यातलं काही ऐकलं नाही. ज्यांचा सत्कार होता ते आदल्या दिवशीच मेले होते.

महाराज गेले. गर्दी पांगली. आणि संध्याकाळी नदीकडून दोन छोटे काटेरी गोळे गडगडत आले. सायाळबाईची पिल्लं! घोषणा ऐकून मावशीनं त्यांना पाठवून दिलं होतं. तिचे दिवस भरत आले होते, बिचारी तरी काय करणार.

"आई, आपलं घर किती पांढरं झालंय!" थोरलं म्हणालं.

"आई, खायला काय आहे?" धाकटं म्हणालं.

सायाळबाईनं त्यांना पोटाशी घेतलं आणि झेंडूचा हार कांबीवरून काढून आणला. पिल्लांनी झेंडू चघळला आणि थुंकला. तोवर कोंबाकडे तिचं लक्ष गेलं. कोंब मान टाकून पडला होता. तिनं नाक मातीला लावलं. फिनाईलच्या वासाखाली तो जुना तेलाचा वास तसाच होता, आणि त्या दोन्हींच्या मधे जो एक मातकट, ओलसर वास तिला रोज यायचा तो कुठेच नव्हता.

टिटवेसर परतले ते तेव्हाच. पाणथळीत त्यांना कोणीच बोलावलेलं नव्हतं. ते माळावर उतरले, चोच मातीत खुपसली आणि बाहेर काढली. सर ओरडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले.

"सगळे गेले."

"मीच शिंपडलं हो, सर," सायाळबाई म्हणाली आणि मुसमुसून रडायला लागली. "माझ्या या हातांनी. मला वाटलं, पुसल्यानं काय होतंय? पाहुणे येणार होते. मला लाज वाटली हो वासाची."

सरांना रागावण्यासारखं बरंच होतं, पण समोर दोन उपाशी पिल्लं त्यांच्याकडे टकामका बघत होती. मग ते उंच पाय टाकत माळभर हिंडायला लागले. इथे चोच खुपस, तिथे चोच खुपस. सगळीकडे तेच.

माळाच्या मागच्या टोकाला सत्काराच्या मांडवाची कनात, म्हणजे कापडी आडोसा, अजून उभी होती. तिच्यामागे माकडांनी रिकाम्या बादल्या, शिल्लक फक्की, केळ्याची सालं, सगळं कोंबून ठेवलं होतं. सर वाकून कनातीखालून आत गेले.

आणि मग, "आहेत! आहेत! आहेत!"

जंगलातली उरलेली सगळी दारं धडाधड बंद झाली.

झालं होतं असं की माकडं शेवटी कंटाळली होती. कनातीच्या मागे महाराज थोडेच बघणार? म्हणून त्यांनी तेवढा तुकडा तसाच सोडला होता. तिथे ना फिनाईल, ना फक्की. तिथली माती काळपट, ओलसर, गबाळी होती. आणि तिच्यात जिवाणू निवांत तेल खात बसले होते. त्यांना कोणी शाल दाखवली नव्हती.

"सर, पुन्हा होईल?" सायाळबाईनं डोळे पुसले.

"आधी फिनाईलचा दर्प उतरू दे. मग इथली मूठ मूठ माती तिकडे न्यायची, ओल द्यायची, कांबी लावायच्या. वेळ लागेल. तोवर तुम्ही तिघं या कोपऱ्यात राहा. आणि कृपा करून..."

"काही घालणार नाही," सायाळबाई म्हणाली. "आणि पुसणारही नाही."

त्या कोपऱ्यात तिघं दाटीवाटीनं राहिली. लव्हाळ्याची मुळं तिथे थोडी होती, त्यावर भागवलं. पिल्लं भुकेनं कुरकुरायची, पण सायाळबाई दांडा फिरवायची, पाणी द्यायची, मातीच्या मुठी वाहायची. हळूहळू तेलाचा वास पुन्हा उतरायला लागला. पुन्हा पाती आली. पुन्हा कोंब आला. त्याच्याभोवती या वेळी तिनं खडे मांडले नाहीत. उलट वर थोडा पाचोळा टाकला.

आणि तेवढ्यात तरसराव आले.

"सायाळबाई, आनंदाची बातमी! महाराजांना पुन्हा माळ बघायची इच्छा झालीय. या वेळी परमुलखातले पाहुणेही असतील. काय, कसं काय चाललंय?"

सायाळबाई आजवर कधी खोटं बोलली नव्हती. तिनं पिल्लांकडे बघितलं, पाचोळ्याकडे बघितलं, आणि ठरवलं.

"काही अर्थ नाही हो, तरसराव," ती म्हणाली. "सगळं वाया गेलं. त्या जिवाणूंनी अंगच धरलं नाही. तेल आहे तसं आहे. मी महाराजांना बोलावणारच होते, येऊन एकदा बघा म्हणून."

तरसरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते 'माळरत्न' होते ना! माळच नासला असेल तर रत्नाचं काय व्हायचं?

"नको, नको! तुम्ही कशाला तसदी घेता? मी सांगतो महाराजांना."

आणि त्यांनी सांगितलं. दरबारात छाती पुढे काढून सांगितलं, "महाराज, तो माळ इतका स्वच्छ झालाय, इतका स्वच्छ झालाय, की आता तिथे बघण्यासारखं काही उरलेलंच नाही!"

महाराजांना ते पटलं. मग कोणीच आलं नाही. ना महाराज, ना पाहुणे, ना बादल्या.

वेल पसरले. एका सकाळी धाकट्या पिल्लानं माती उकरून जांभळं, जाडजूड कोनफळ बाहेर काढलं. सायाळबाईनं ते आधी हुंगलं. नीट, पुन्हा पुन्हा हुंगलं. मग पिल्लांपुढे ठेवलं. दोघांनी कडाकडा चावून खाल्लं आणि कोणीही ओकलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आई, गोड आहे गं!" धाकटं ओरडलं. "कोणी केलं हे?"

"हळू बोल. जिवाणूंनी."

"मग आपण त्यांचे आभार मानूया ना!"

"अजिबात नको," सायाळबाई म्हणाली. "जेवतायत ते. जेवू दे."

तात्पर्य: बाळांनो, कोणी खरोखर चांगलं काम करत असेल, तर त्याचं कौतुक करायला धावू नका. त्याच्यावर एक कनात ओढा आणि कोणी विचारलंच, तर सांगा की काही अर्थ नाही. शिवाय कामचुकार माकडांना ऊठसूट नावं ठेवत जाऊ नका. या जगात जी काही चांगली माती अजून शिल्लक आहे, ती त्यांना पुसायचा कंटाळा आला म्हणूनच आहे.